हिकॉक टेस्टरमधला ८३ काढून डायोड लावावेत का?

मालवणहून एकाने विचारलंय, प्रश्न लांब होता म्हणून गाभा तेवढा सांगतो. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून हिकॉकचा ६००ए व्हॉल्व्ह टेस्टर (रेडिओतले व्हॉल्व्ह चांगले आहेत की थकलेत ते तपासायची अमेरिकन पेटी) आणलाय, घरातले आणि आसपासचे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ चालू करायचा नाद आहे. टेस्टर सुरू होतो, पण आतला ८३ नंबरचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, मध्येच निळा उजेड देतो मध्येच विझतो, रीडिंग घेताना काटा थरथरतो, आणि कोणीतरी सल्ला दिलाय की ८३ आणि आतला दुसरा रेक्टिफायर ५वाय३ दोन्ही काढून टाक, त्या जागी दोन-दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे पार्ट) लाव, ८३ मधल्या पाऱ्याची भीती गेली आणि खर्चही चहापाण्याएवढा. तर लावू का, असं विचारतायत.

लावता येतात. मी पण लावून दिलेत लोकांना. पण नुसते डायोड लावलेत तर टेस्टर मस्त चालेल, फक्त त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही, आणि आकडाच खरा नसेल तर एवढी जड पेटी टेबलावर ठेवून करायचं काय.

मुळात अडचण अशी की आपण रेडिओवाले लोक रेक्टिफायरकडे रेडिओच्या नजरेने बघतो. रेडिओत त्याचं काम एसीचं डीसी करून देणं, दहा-पंधरा व्होल्ट वर गेले काय खाली आले काय, गाणं ऐकू येतंच. टेस्टरमध्ये मात्र चार्टमधले आकडे, बायसच्या (व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, द्यायच्या निगेटिव्ह व्होल्टच्या) डायलच्या खुणा, मीटरचे शंट (मीटरला समांतर लावलेले रेझिस्टर), हे सगळं कंपनीने त्याच दोन व्हॉल्व्हमध्ये किती व्होल्ट गळणार हे धरून ठरवलेलं आहे. बाजारातल्या तराजूला पासंग बांधलेला असतो ना, तो काढला तर तराजू मोडत नाही, वजन तेवढं चुकतं, तसला प्रकार.

आता आधी तुमचा ८३ खरोखर गेलाय का ते बघू, कारण मला तशी शंका आहे की तो बरा असावा. ८३ मध्ये पारा असतो. त्यातून करंट गेला की पाऱ्याची वाफ निळसर जांभळी पेटते, करंट थांबला की विझते. हिकॉकमध्ये तुम्ही टेस्टचं बटण दाबता तेव्हाच तपासायचा व्हॉल्व्ह ८३ मधून नीट करंट ओढतो, म्हणजे बटण दाबलं की उजेड आणि सोडलं की अंधार, हे अगदी नॉर्मल आहे. शिवाय मोठा पॉवर व्हॉल्व्ह लावला तर उजेड जास्त, छोटा ट्रायोड (एकाच जाळीचा साधा व्हॉल्व्ह) लावला तर जेमतेम. त्यात रोग काही नाही. (५वाय३ मध्ये मात्र प्लेटच्या, म्हणजे धातूच्या पत्र्याच्या, आत निळा धूर भरल्यासारखं दिसलं तर तो गॅसी झालाय, आतली पोकळी बिघडलीय, तो बदलाच. काचेच्या आतल्या अंगाला नुसती हलकी निळी छटा असेल तर सोडून द्या.)

बटण दाबून धरलेलं असताना उजेड लुकलुकत असेल, तर मग शोध घ्यायचा, आणि आपल्याकडे शोध सॉकेटपासून सुरू करायचा. ८३ चा फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ५ व्होल्टवर ३ अँपिअर खातो. ३ अँपिअर म्हणजे सॉकेटच्या पिनेत ०.२ ओहमचा जरी खराब कॉन्टॅक्ट असला तरी ०.६ व्होल्ट तिथेच गेले. खाऱ्या वाऱ्यात समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर ठेवलेल्या कुठल्याही उपकरणाच्या सॉकेटमध्ये हिरवट-काळा थर असतोच, आणि चोरबाजारातला माल तर आधीच कुठल्या गोडाऊनमध्ये किती पावसाळे काढून आलेला असतो देव जाणे. तेव्हा ८३ बाहेर काढा, पिना बारीक पॉलिश पेपरने घासा, सॉकेटच्या पाकळ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि सुईने हलक्या हाताने आत दाबून घट्ट करा. जुन्या चार पिनांच्या बेसमध्ये पिनेच्या टोकाला आत सोल्डर असतो, तो सुटलेला असतो बऱ्याचदा, तिथे नवीन सोल्डर ओढा. मग व्हॉल्व्ह लावून, सॉकेटच्या खालच्या बाजूने नव्हे तर व्हॉल्व्हच्या जाड पिनांवरच प्रोब लावून फिलामेंटचा व्होल्ट मोजा. ४.७५ ते ५.२५ मध्ये आला पाहिजे. ४.३-४.४ दिसला तर तुमचा आजार तिथेच आहे, डायोडचा विचार नंतर. हे मोजताना टेस्टर चालू असतो आणि बाजूच्याच दोन बारीक पिनांवर ट्रान्सफॉर्मरचा हाय व्होल्टेज एसी असतो, त्यामुळे एक हात मागे, पायाखाली कोरडी फळी, आणि पावसाळ्यात ओल आलेल्या जमिनीवर बसून हे काम अजिबात नको.

दुसरी गोष्ट प्रवासाची. पाऱ्याचा व्हॉल्व्ह मुंबईहून कोकणात हायवेचे खड्डे आणि घाट खात आला म्हणजे आतला पारा थेंब थेंब होऊन फिलामेंटवर आणि प्लेटवर उडालेला असतो. अशा वेळी आल्या आल्या टेस्टर लावून बटण दाबलं तर आत ठिणगी पडू शकते. ८३ उभा ठेवून फक्त फिलामेंट पेटवायचा, अर्धा तास तरी, म्हणजे पारा उडून परत खाली थंड जागी जमतो. हे टेस्टरच्या बाहेर करणं उत्तम, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा कुठलाही फिलामेंट ट्रान्सफॉर्मर चालतो. पुढेही रोज वापरताना एखाद दोन मिनिटं गरम होऊ द्या मगच बटण दाबा. हवामानाचं म्हणाल तर ८३ ला पारा जमतो त्या जागी २० ते ६० डिग्री तापमान चालतं, म्हणजे आपली थंडी त्याला काहीच करत नाही, उलट मे महिन्यात बंद पेटीत तो वरच्या टोकाकडे जातो, तेव्हा झाकण उघडं ठेवून काम करा.

एवढं करूनही लुकलुक थांबली नाही किंवा फिलामेंटच तुटलेला निघाला, तर बदलायचं. इथे तीन रस्ते आहेत आणि कुठला धरायचा ते तुमच्याकडे काय मिळतंय त्यावर आहे.

पहिला रस्ता म्हणजे दुसरा ८३. मिळाला आणि भाव परवडला तर डोळे झाकून हाच घ्या. फक्त दुकानदार "तेच आहे साहेब" म्हणून ५झेड३ किंवा ८० देईल, त्याला भुलू नका. दोन्हीचा बेस तोच चार पिनांचा, जोडणी तीच, सॉकेटमध्ये झक्क बसतात. पण ते पाऱ्याचे नाहीत, साधे व्हॅक्यूमवाले आहेत. ८३ ची खुबी अशी की त्यात करंट कमी असो की जास्त, ड्रॉप, म्हणजे आतच गळणारे व्होल्ट, साधारण १५ च राहतो. व्हॅक्यूमवाल्यात करंट वाढला की ड्रॉप वाढतो, ५झेड३ मध्ये पूर्ण करंटला तो पन्नाशीच्या पुढे जातो. म्हणजे तुम्ही ईसीसी८३ सारखा छोटा व्हॉल्व्ह तपासलात तर प्लेटला एक व्होल्टेज आणि ६एल६ सारखा मोठा पॉवर व्हॉल्व्ह तपासलात तर दुसरंच, कमी. चांगला ६एल६ पण म्हातारा दाखवेल. हिकॉकने महागडा, नाजूक, पारा भरलेला व्हॉल्व्ह टेस्टरमध्ये घातला तो याचसाठी. ८३व्ही म्हणून एक येतो, त्याच्या नावात ८३ असलं तरी तो पण पाऱ्याचा नाही.

८३ ची दुसरी जबाबदारी लोकांच्या लक्षात येत नाही. हिकॉकचं सर्किट असं आहे की प्लेटचा डीसी फिल्टर केलेला नसतो, अर्ध्या अर्ध्या सायकलचे नुसते उंचवटे येतात, आणि ८३ च्या दोन प्लेट आळीपाळीने काम करतात. एका अर्ध्या सायकलला ग्रिडवर सिग्नल पॉझिटिव्ह बाजूला, दुसऱ्याला निगेटिव्ह बाजूला. म्हणजे एकीत प्लेट करंट जास्त, दुसरीत कमी, आणि मीटर या दोघांतला फरक दाखवतो, तोच तुमचा मायक्रोम्होचा आकडा, म्हणजे व्हॉल्व्हचा ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडवरच्या सिग्नलने प्लेट करंट किती बदलतो ते). आता ८३ ची एक बाजू थकली आणि एक ताजी असली तर तपासायच्या व्हॉल्व्हचा काही संबंध नसताना काटा सरकणार. हे तपासायची सोपी युक्ती आहे: व्हॉल्व्हच्या जागी प्लेट आणि कॅथोडच्या मध्ये ५ किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि टेस्टचं बटण दाबा. रेझिस्टरला ट्रान्सकंडक्टन्स नसतो, काटा शून्यावर राहायला हवा. सरकला तर बाजू असमान आहेत.

दुसरा रस्ता डायोडचा, तुम्ही विचारलाय तो. ६००ए मध्ये प्लेटला साधारण १५० व्होल्ट मिळतात. ८३ काढून नुसता १एन४००७ लावला की १५ च्या जागी एखादा व्होल्ट गळतो, म्हणजे प्लेटला जवळजवळ दहा टक्के जास्त. ट्रायोड लगेच तरुण दिसायला लागतो. ५वाय३ ची गंमत तर अजून निराळी, कारण त्याच्याकडे बायस आणि स्क्रीन (पेंटोड, म्हणजे तीन जाळ्यांच्या व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी) अशी दोन खाती आहेत. तिथे नुसते डायोड लावले की स्क्रीन वाढला, त्याने पेंटोडचं रीडिंग वर, आणि त्याच वेळी बायस जास्त निगेटिव्ह झाला, त्याने रीडिंग खाली. ट्रायोडला स्क्रीनच नाही, त्याच्या वाट्याला फक्त बायसचा धक्का. म्हणून लोक दोन्ही रेक्टिफायर एकदम बदलतात, एक ईएल८४ हा पेंटोड लावून बघतात, आकडा आधीसारखाच आला की खूश होतात, आणि मग ईसीसी८२ हा ट्रायोड भलतंच काहीतरी दाखवतो. चुका एकमेकींना झाकतात, पण प्रत्येक जातीच्या व्हॉल्व्हला वेगवेगळ्या प्रमाणात, त्यामुळे "सगळ्या रीडिंगमधून दहा टक्के वजा करा" असला हिशोब लावता येत नाही. एका वेळी एकच रेक्टिफायर बदला, हे माझं ठाम मत.

तर ८३ साठी असं करा. निकामी ८३ चा (किंवा कुठल्याही जुन्या चार पिनांच्या व्हॉल्व्हचा) बेस घ्या. त्या दोन बारीक पिना म्हणजे प्लेट, प्रत्येकीपासून एकेक १एन४००७, दोघांचे कॅथोड, म्हणजे पट्टीवाली टोकं, एकत्र जोडा. त्या जोडापासून पुढे एक झेनर (ठरावीक व्होल्ट स्वतःवर अडवून धरणारा डायोड), १४ व्होल्ट ५ वॅट, १एन५३५१बी, त्याची पट्टी डायोडच्या बाजूला. झेनरचं दुसरं टोक जाड पिनेला. झेनरचे १४ आणि डायोडचा पाऊण-एक, बेरीज ८३ व्हॉल्व्हच्या ड्रॉपच्या जवळ येते. काही जण प्रत्येक डायोडला वेगळा झेनर लावतात, मला ते पटत नाही, दोन झेनर सारखे निघतील याची खात्री काय, आणि वर सांगितलं तसं इथे दोन्ही बाजू सारख्या असणं हाच जीव आहे. एकच झेनर दोघांना मिळून असला की ती काळजी मिटली. ५ वॅटचाच घ्या, १०० मिलिअँपिअरला दीड वॅट तापतो तो, आणि बेसच्या आत हवा खेळत नाही, म्हणून एक-दोन भोकं पाडून ठेवा.

जाड पिना दोन आहेत, आउटपुट त्यातल्या एकाच पिनेला द्यायचा. दोन्ही पिना एकत्र शॉर्ट केल्या तर फिलामेंटचं ५ व्होल्टचं वाइंडिंग शॉर्ट होईल आणि तो ट्रान्सफॉर्मर परत मिळणार नाही. कुठली पिन, ते सर्किट डायग्राम बघून किंवा मीटरने वायर शोधून ठरवा.

५वाय३ ला हात लावू नका असंच मी सांगेन. तो अजून मिळतो, पाऱ्याची भानगड नाही, आणि आयुष्य भरपूर. अगदीच नाही मिळाला तर डायोडच्या पुढे रेझिस्टर टाकायचा, झेनर नाही, कारण त्याचा ड्रॉप करंटप्रमाणे बदलणारा आहे. किती ओहमचा, ते मोजूनच ठरतं. समजा चांगल्या ५वाय३ वर आउटपुटला जेवढे व्होल्ट होते त्यापेक्षा डायोडवर १२ जास्त आले आणि करंट ३० मिलिअँपिअर आहे, तर १२ भागिले ०.०३ म्हणजे ४०० ओहम, बाजारात ३९० मिळेल, २ वॅटचा. हे आकडे समजावण्यापुरते, तुमचे तुम्ही मोजा. आणि त्यासाठी ५वाय३ धडधाकट असतानाच त्याचे व्होल्ट लिहून ठेवलेले बरे, मेल्यावर कोणाचे मोजणार. (५वाय३ च्या आठ पिनांच्या ऑक्टल बेसवर २ आणि ८ फिलामेंट, ४ आणि ६ प्लेट, आउटपुट बहुतेक वेळा ८ वरून, पण खात्री करा.)

तिसरा रस्ता तयार प्लग-इन मॉड्यूलचा, परदेशातून मागवता येतात. घेताना एवढंच विचारा की आत ड्रॉपची सोय आहे की नुसते डायोड. नुसते डायोड असतील तर तो तुमचा फुकटचा खर्च, तेवढ्यात इथेच रत्नागिरीला नाहीतर लॅमिंग्टन रोडला मूठभर डायोड येतील.

आता डायोड लावल्यावर एक बदल असा होतो जो कोणी मोजत नाही. ८३ चा फिलामेंट १५ वॅट खात होता, तो भार ट्रान्सफॉर्मरवरून उतरला. ५वाय३ पण काढलात तर अजून १० वॅट. भार उतरला की बाकीची सगळी वाइंडिंग थोडी वर जातात, तपासायच्या व्हॉल्व्हचा फिलामेंट, ग्रिडचा सिग्नल, सगळं. टेस्टरच्या लाईनच्या नॉबने (येणारे व्होल्ट जुळवायच्या) ते खाली आणता येतं, पण लाईनची खूण तुमच्या मॉडेलमध्ये कुठून घेतलीय ते बघा, ती जर रेक्टिफायरमधून आलेल्या डीसीवर अवलंबून असेल तर तुम्ही बदललेल्याच गोष्टीने तुम्ही लाईन लावताय. म्हणून लाईन लावून झाली की ६.३ व्होल्टच्या सेटिंगला एखादा खरा व्हॉल्व्ह लावून फिलामेंटचा एसी वेगळ्या मीटरने मोजा. तो बरोबर, पण प्लेटचा डीसी चुकला, तर ड्रॉपमध्ये गडबड. दोन्ही एकाच दिशेने चुकले तर लाईनमध्ये गडबड.

काही लोक ५ व्होल्टच्या वाइंडिंगवर १.६७ ओहमचा जाड रेझिस्टर लावून तो भार मुद्दाम परत देतात. हिशोबाने बरोबर आहे, पण आपल्याकडे मी तसं करत नाही. अमेरिकन टेस्टर ६० सायकलसाठी (हर्ट्झसाठी) बांधलेला, आपली लाईन ५० ची. ११५ व्होल्ट ५० सायकलवर दिले की ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला ते ६० वरच्या १३८ व्होल्टसारखे लागतात, तो बिचारा आधीच जास्त तापतो. १५ वॅट कमी झाले तर होऊ देत, लाईन नॉबने जुळवून घेऊ. टेस्टरच्या मागच्या नावपट्टीवर ५०-६० लिहिलेलं असेल तर ही काळजी कमी. ब्रिटिश एव्हीओ टेस्टर असता तर प्रश्नच वेगळा होता, त्यात तपासायच्या व्हॉल्व्हला एसीच देतात आणि तो स्वतःच रेक्टिफाय करतो.

आणि काटा थरथरण्याचं दुसरं कारण तुमच्या घरातच असू शकतं. संध्याकाळी लाईन खाली जाते, कोणाचा पंप चालू होतो, आणि रिलेवाला स्टॅबिलायझर टक करून टप्पा बदलतो, की रीडिंग उडालं. टेस्टरसाठी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरच्या आधी डिमरस्टॅट (हाताने व्होल्ट कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावा, स्टॅबिलायझर नको, आणि महत्त्वाचे व्हॉल्व्ह दुपारी तपासा.

बदल करायच्या आधीची एक तयारी मात्र टाळू नका. घरचे तीन-चार चांगले व्हॉल्व्ह ठरवून घ्या, एक ट्रायोड, एक छोटा पेंटोड, एक पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे ईसीसी८२, ईएफ८९, ईएल८४ असे काहीतरी, आपल्या जुन्या रेडिओंत सापडतातच. चार्टमध्ये ते अमेरिकन नावाने शोधा: ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईएफ८९ म्हणजे ६डीए६, ईसीएच८१ म्हणजे ६एजे८, ईबीएफ८९ म्हणजे ६डीसी८. ८३ जिवंत असताना त्यांची रीडिंग आणि त्या वेळचे प्लेट, स्क्रीन, बायसचे व्होल्ट वहीत लिहा. व्होल्ट मोजताना आधी आणि नंतर मीटर तोच वापरा, कारण फिल्टर नसलेला डीसी प्रत्येक मीटर आपापल्या पद्धतीने वाचतो. बदलानंतर तिन्ही जातीचे व्हॉल्व्ह आधीच्या आकड्याच्या आसपास आले तर काम झालं. एकच आला आणि बाकीचे नाही, तर नाही झालं.

जुना ८३ बाजूला ठेवलात तर उभा ठेवा, कापसात गुंडाळून घट्ट डब्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. फुटलाच तर खिडक्या उघडा, पंखा बंद, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मारू नका, त्याने पारा घरभर होतो. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा, आणि ती बाटली परसात पुरू नका, विहीर जवळ असते आपल्याकडे.

आता आधी सॉकेट साफ करा, आणि व्हॉल्व्हच्या पिनांवर किती व्होल्ट आले, ५ किलोओहमच्या रेझिस्टरवर काटा कुठल्या बाजूला सरकला, ते दोन आकडे लिहा. मागच्या नावपट्टीवर सायकल किती लिहिलंय तेही. मग डायोड मागवायचे का ते ठरवू.